तीन सेकंदांची धाव

सहा-सात वर्षांचं मूल वर्गातून फाटकापर्यंत सरळ चालत गेलं, असं सहसा घडत नाही. ते चार पावलं चालतं, मग धावतं, मध्येच थांबून खाली पडलेलं काहीतरी उचलून बघतं, पायरीवरून दोन्ही पायांनी उडी मारतं, ती जमली म्हणून पुन्हा पायरी चढतं आणि पुन्हा मारतं. मैत्रिणीला हाक मारून तिच्यामागे सुटतं आणि तिला गाठायच्या आतच दुसरीकडे वळतं. मी प्राथमिक शाळेत शिकवते. मधल्या सुट्टीत मैदानाच्या कडेला उभं राहायचं काम आम्हा शिक्षकांकडे आळीपाळीने येतं आणि ते मला मनापासून आवडतं. वर्गात तासन्‌तास शिकवून मूल जेवढं कळत नाही, तेवढं त्या थोड्या वेळात कळतं.

मुलांच्या या अखंड धावपळीची कुणीतरी बारकाईने मोजदाद केली आहे, हे वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात सहा ते दहा वर्षांच्या पंधरा मुलांच्या हालचाली, ती आपल्या नेहमीच्या दिनक्रमात असताना, दर तीन सेकंदांनी टिपल्या होत्या. जोरदार हालचालीचा एक तुकडा साधारण तीन सेकंद टिकत होता, हलक्या आणि मध्यम हालचालीचा सहा सेकंद. पंधरा सेकंदांहून जास्त वेळ चाललेली जोरदार हालचाल अगदी विरळा. म्हणजे मूल धावतं, थांबतं, श्वास घेतं, पुन्हा धावतं. दिवसभर असे शेकडो तुकडे जोडले जातात आणि त्यातून त्याचा व्यायाम होतो.

ही गोष्ट नीट समजली की मोठ्यांच्या बऱ्याच योजना का फसतात ते कळतं. आपल्या डोक्यात व्यायाम म्हणजे अर्धा तास एका लयीत चालणं, पोहणं, सायकल मारणं. तोच साचा आपण मुलांपुढे ठेवतो. आठ वर्षांच्या मुलाला रोज सकाळी आपल्याबरोबर फेरी मारायला नेलं, की ते तिसऱ्या दिवशी कुरकुरायला लागतं आणि आपण त्याला आळशी ठरवून मोकळे होतो. तेच मूल संध्याकाळी शिवाशिवी खेळताना घामाने चिंब होतं. त्याला हालचालीचा कंटाळा नसतो, एकसुरीपणाचा असतो. खेळात थांबायची सोय असते. ‘टॅम्प्लीज’ म्हणून मुठीवर ओठ टेकवले की दोन क्षण कुणी शिवत नाही, तेवढ्यात दम परत येतो आणि मूल पुन्हा सुटतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यात पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल सांगितली आहे आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू आणि हाडं बळकट करणारी हालचाल. यातला ‘सरासरी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. २०१० सालच्या तत्त्वांमध्ये रोज किमान ६० मिनिटं असं होतं. आता आठवड्याचा हिशेब धरला जातो. ताप आलेला दिवस, दिवसभर पाऊस पडलेला दिवस, पाहुण्यांनी घर भरलेला दिवस वाया गेला म्हणून कुणी जीवाला लावून घ्यायचं कारण नाही. हाडं बळकट करायला वेगळं साहित्यही लागत नाही. उडी मारून जमिनीवर उतरताना पायांच्या हाडांवर जो धक्का बसतो, त्यानेच हाड स्वतःला घट्ट करत जातं. दोरीवरच्या उड्या, पायरीवरच्या उड्या, लोंबकळणं, चढणं, सगळं त्यात येतं. पायरीवरून पुन्हा पुन्हा उडी मारणाऱ्या मुलाला आपण ‘नीट चाल’ म्हणतो, तेव्हा ते नेमकं हेच काम करत असतं.

आता मला ज्याबद्दल सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते सांगते. मैदानाच्या कडेला उभं राहिलं की पळणारी मुलं तर दिसतातच, पण माझी नजर बसलेल्यांकडे जाते. आपण शाळेत जे खेळ घेतो त्यातल्या कितीतरी खेळांमध्ये बाद होणं असतं. राज्य असलेल्याने शिवलं की बाद, चेंडू लागला की बाद, खुर्ची मिळाली नाही की बाद. सगळ्यात आधी कोण बाद होतं? जे मूल हळू पळतं ते. जे जरा जड आहे, ज्याला दम लवकर लागतो, ज्याला चष्मा नुकताच लागला आहे आणि चेंडू किती लांब आहे याचा अजून अंदाज येत नाही, ते. ते पहिल्या मिनिटाला बाहेर येतं आणि उरलेला सगळा वेळ कडेला बसतं. जे आधीच चपळ आहे ते शेवटपर्यंत पळत राहतं आणि आणखी चपळ होतं. म्हणजे ज्याला पळायची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच आपण सगळ्यात आधी बसवतो, तेही सगळ्यांसमोर.

माझ्या वर्गातला एक मुलगा खेळाच्या तासाला दर वेळी बुटाची नाडी बांधायला बसायचा. नाडी सोडायची, पुन्हा बांधायची, दुसऱ्या पायाची सोडायची. भिडू निवडून होईपर्यंत त्याची मान वर यायची नाही. दोन कप्तान एकेक नाव घेत असतात तेव्हा शेवटी उरण्याचं दुःख काय असतं, ते त्या वाकलेल्या मानेवरून कळत होतं. आम्ही भिडू निवडायची पद्धत बंद केली. रांगेतल्या मुलांना एक-दोन, एक-दोन असे आकडे देऊन संघ पाडायला लागलो आणि बाद होण्याचे खेळ बदलले. शिवलं की बाहेर जाण्याऐवजी जागेवर पुतळा व्हायचं आणि कुणी सोडवलं की पुन्हा पळायचं. किंवा ज्याला शिवलं तोही राज्याच्या बाजूला जायचा, असं करत पकडणारे वाढत जायचे आणि शेवटी सगळेच पळत असायचे. खेळ तोच, मजाही तीच, फक्त कुणी कडेला बसत नाही. त्या मुलाच्या नाड्या त्यानंतर वर्गातच बांधून व्हायला लागल्या. लहान भावंडाला लिंबूटिंबू म्हणून खेळात घेतात तेव्हा मुलं स्वतःहून किती उदार होतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. तेवढी उदारता मोठ्यांनी आखलेल्या खेळांतही असायला हवी.

शिक्षेचंही तसंच. गृहपाठ केला नाही म्हणून मधली सुट्टी बंद, आणि गोंधळ केला म्हणून मैदानाला फेऱ्या. दोन्ही शिक्षा मला मनापासून नकोशा वाटतात. पहिल्या शिक्षेत, ज्या मुलाला एका जागी बसणं जड जातं, नेमकं त्याचंच हुंदडणं काढून घेतलं जातं आणि पुढचा तास त्याला आणखी जड जातो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली स्पष्ट म्हटलं होतं की शिक्षा म्हणून किंवा अभ्यासासाठी म्हणून मुलांची सुट्टी काढून घेऊ नये. दुसऱ्या शिक्षेत आपण मुलाच्या मनात धावण्याची गाठ अपमानाशी बांधून देतो. ती गाठ पुढे सुटता सुटत नाही. मोठेपणी ‘मला व्यायामाचा तिटकारा आहे’ असं म्हणणाऱ्यांना लहानपणच्या खेळाच्या तासाबद्दल विचारून बघा.

याच्या बरोबर उलट एक साधी गोष्ट २०१२ साली स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगच्या एका प्राथमिक शाळेत सुरू झाली. सेंट निनियन्स ही ती शाळा, आणि एलेन वायली या तिथल्या मुख्याध्यापिका. मुलांना जरा पळवलं की ती थकून जातात हे लक्षात आल्यावर त्यांनी एका वर्गाला रोज पंधरा मिनिटं बाहेर काढलं. ज्याला पळायचंय त्याने पळायचं, ज्याला चालायचंय त्याने चालायचं, मैत्रिणीशी गप्पा मारत गेलं तरी चालेल. कपडे बदलायचे नाहीत, शर्यत नाही, पहिला-दुसरा नंबर नाही. वर्ग सोडायचा, फिरून यायचं, पुन्हा अभ्यासाला लागायचं. ‘डेली माइल’ या नावाने हा उपक्रम पुढे अनेक देशांत पसरला, आणि २०१८ साली स्टर्लिंग आणि एडिनबरा विद्यापीठांतल्या संशोधकांनी दाखवून दिलं की तो करणाऱ्या शाळेतल्या मुलांचा दमसास वाढला होता. मला त्यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते ती मुलांना स्वतःचा वेग ठरवू देण्याची. एकाच वाटेवर चौथीतला सगळ्यात चपळ मुलगा आणि सगळ्यात सावकाश मुलगी दोघंही असतात, आणि कोण मागे आहे हे कळायला शेवटची रेषाच नसते.

बाहेर पडण्याचा एक फायदा डोळ्यांनाही होतो, आणि तो पालकांना फारसा ठाऊक नसतो. चीनमधल्या ग्वांगझू शहरात बारा शाळांमधल्या पहिलीच्या मुलांवर एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१५ साली आले. निम्म्या शाळांमध्ये रोज ४० मिनिटं जास्त वेळ मुलांना उघड्यावर नेलं. तीन वर्षांनी त्या मुलांपैकी ३०.४ टक्क्यांना लांबचं कमी दिसायला लागलं होतं, इतर शाळांमध्ये ३९.५ टक्क्यांना. चाळीस मिनिटांचा दिवसाचा उजेड एवढं करतो, तर शाळांनी तो मुलांना का देऊ नये?

वय वाढलं की मुलं आपोआप बसकी होतात आणि हे किशोरवयात सुरू होतं, असा आपला समज असतो. इंग्लंडमधल्या गेट्सहेड भागातल्या मुलांना अंगावर बाळगायची मोजयंत्रं देऊन काही वर्षांच्या अंतराने पुन्हा पुन्हा त्यांची हालचाल मोजली, तेव्हा ती सातव्या वर्षापासूनच उतरणीला लागलेली दिसली. सातवं वर्ष म्हणजे दुसरी. म्हणजे आठवीत गेल्यावर एखाद्या क्रीडाशिबिरात घालू असा विचार करणाऱ्यांच्या हातून तोवर बराच काळ निसटलेला असतो. मुलींच्या बाबतीत मला याची जास्त काळजी वाटते. चौथीपर्यंत मैदानाचा मधला भाग चेंडू खेळणाऱ्या मुलांचा झालेला असतो आणि मुली भिंतीच्या कडेकडेने गप्पा मारत उभ्या असतात. त्यांना खेळायचं नसतं असं मुळीच नाही. आठवड्यातले काही दिवस मधली जागा त्यांच्यासाठी राखून ठेवली की त्या ती व्यापतात, आणि इतक्या आरडाओरड्याने की शेजारच्या वर्गातून तक्रार येते.

आता खाण्याकडे येते. इथे आया-बाबांचा जीव सगळ्यात जास्त टांगणीला लागलेला असतो. ‘हा काहीच खात नाही हो बाई,’ हे वाक्य मला जितक्या वेळा ऐकायला मिळतं तितकं दुसरं कुठलंच मिळत नाही. समोर ते मूल उभं असतं, चांगलं टवटवीत, आणि आपल्याबद्दलचं हे मत कान देऊन ऐकत असतं.

मुलाची भूक कितपत भरवशाची आहे, याबद्दलचा एक जुना प्रयोग मला फार विचार करायला लावतो. १९२० आणि ३० च्या दशकांत अमेरिकेत क्लारा डेव्हिस या बालरोगतज्ज्ञ बाईंनी पंधरा बाळांना काय खायचं ते स्वतः ठरवू दिलं. नुकतं अंगावरचं दूध सुटत असलेली, सहा ते अकरा महिन्यांची बाळं. एकूण ३४ पदार्थांची यादी होती: दूध, फळं, भाज्या, धान्यं, अंडी, मांस, मासे. सगळं साधं शिजवलेलं किंवा कच्चं, साखर कशातच नाही. परिचारिकेने चमचा हातात घेऊन नुसतं बसायचं. बाळाने वाटीकडे हात केला तरच घास द्यायचा, आणि त्याने काय घेतलं, काय सोडलं यावर अवाक्षर काढायचं नाही. सुरुवातीला बाळांनी रिकामे चमचे चावून पाहिले, ताटाची कडही चावून पाहिली. मग हळूहळू प्रत्येकाची आवड ठरली, आणि प्रत्येकाची वेगळी. एखाद्या सकाळी कुणी भरपूर संत्र्याचा रस आणि काळीज एवढंच खायचं, कुणी रात्रीच्या जेवणाला अंडी, केळी आणि दूध. कुठल्याही आहारतज्ज्ञाने असं ताट मांडलं नसतं. एका बाळाला मुडदूस होता, त्याच्या ताटात माशाच्या यकृताचं तेल ठेवलं, तर दुखणं बरं होईपर्यंत ते त्यातलं कमीजास्त घेत राहिलं. मुलं धडधाकट वाढली.

डेव्हिस बाईंनी यातली मेख मात्र १९३९ साली स्वतःच उघड करून सांगितली: सगळं काही त्या यादीत होतं. यादीतला एकही पदार्थ निकृष्ट नव्हता, म्हणून मुलं काहीही निवडोत, चुकायला जागाच नव्हती. मुलाला सगळं कळतं, त्याला हवं ते खाऊ द्या, असा याचा अर्थ मुळीच निघत नाही. बाजारातून काय आणायचं, काय शिजवायचं, ताटात काय वाढायचं, हे सगळं मोठ्यांनी ठरवायचं. त्यातलं किती खायचं, ते मुलाने. एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी पुढे हीच वाटणी नीट मांडली: काय, कधी आणि कुठे हे मोठ्यांकडे, किती आणि खायचं की नाही हे मुलाकडे. आपल्या घरांमध्ये ही वाटणी बहुतेक वेळा उलटी होते. काय हवं ते मूल ठरवतं, कारण भांडणाचा कंटाळा आलेला असतो; आणि किती खायचं ते आपण ठरवतो, ‘अजून दोन घास, अजून एकच घास’ करत.

त्या ‘अजून एकच’ची किंमत मोजलेली आहे. २००६ सालच्या एका अभ्यासात तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दोन प्रकारचं सूप दिलं. एका सुपाच्या वेळी त्यांना पुन्हा पुन्हा ‘सूप संपवा’ म्हटलं, दुसऱ्याच्या वेळी कुणी काही बोललं नाही. ज्याचा आग्रह केला ते मुलांनी कमी घेतलं आणि त्याला नावंही जास्त ठेवली. मुलांच्या खाण्याच्या सवयींवर आयुष्यभर काम केलेल्या लिअन बर्च त्या अभ्यासात होत्या. त्यांनीच १९८४ साली दाखवलं होतं की नवीन चवीचं पेय प्यायल्याबद्दल बक्षीस दिलं, की मुलांना ते पेय पूर्वीपेक्षा कमी आवडायला लागतं. मुलाचा हिशेब सरळ असतो: ज्यासाठी बक्षीस द्यावं लागतं, ते चांगलं कसं असेल? ‘भाजी संपव, मग गोड देते’ या वाक्याने आपण भाजीला शिक्षा आणि गोडाला बक्षीस करून टाकतो. नुसती चव घेतल्याबद्दल हातावर एखादं चांदणीचं स्टिकर लावणं वेगळं. त्याने काही मुलांना पहिली चव घ्यायचा धीर येतो, हेही प्रयोगांत दिसलं आहे. पण ताट संपवण्याचा सौदा नको.

मग नावडती भाजी आवडायला लागते तरी कशी? पुन्हा पुन्हा समोर येऊन. दहा वेळा, कधी पंधरा वेळा. बहुतेक घरांत तिसऱ्या नकारानंतर ‘त्याला वाटाणे चालत नाहीत’ असा शिक्का बसतो आणि वाटाणे त्याच्या ताटातून कायमचे जातात. माझ्या वर्गातल्या एका मुलीला वाटाणे आवडायला लागले, ते मी डबा खातानाच्या वेळी जवळून पाहिलं आहे. पहिल्यांदा तिने तो नुसता बोटाने डब्याच्या कडेला ढकलला. पुढे कधीतरी चिमटीत धरून वास घेतला. मग जिभेच्या टोकाला लावून परत ठेवला. एकदा दाताने साल फोडली आणि आतले दोन भाग वेगळे करून बराच वेळ बघत बसली, मग तोंडात टाकला आणि लगेच हातावर काढला. तिच्या आईला मी एवढंच म्हटलं होतं की दोन-चार दाणेच द्या, पण देत राहा आणि विचारू नका. एक दिवस ते दोन-चार दाणे डब्यात नव्हते. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत आणि मला वाटतं तेच बरं झालं.

लहान मुलांना नव्या अन्नाची धास्ती वाटते ती स्वाभाविक आहे. साधारण दोन ते सहा वर्षांच्या काळात ती सगळ्यात जास्त असते, पुढे कमी होते. कडू चवही त्यांना मोठ्यांपेक्षा जास्त जाणवते, म्हणून पालेभाजीवर तोंड वाकडं होतं ते सगळंच नाटक नसतं. या काळात मूल धीर कुणाकडून घेतं, तर शेजारी बसलेल्याकडून. बर्च बाईंच्या १९८० सालच्या एका प्रयोगात, एक भाजी आवडणाऱ्या मुलाला दुसरी भाजी आवडणाऱ्या मुलांच्या टेबलावर बसवलं, तर काही दिवसांत त्याची निवड बदलली. वर्गात डबे उघडल्यावर गोल करून बसण्यात हे रोज दिसतं. मैत्रिणीच्या डब्यातली काकडी घरच्या काकडीपेक्षा नेहमीच चविष्ट असते. जपानमधल्या प्राथमिक शाळांमध्ये मुलं वर्गातच एकत्र जेवतात, आळीपाळीने एकमेकांना वाढतात, नंतर आवरतात. ज्याच्या हातात वाढायचा डाव असतो, तो त्या भाजीबद्दल वेगळ्या अधिकाराने बोलतो. घरीही मुलाला वाढू द्यावं. सांडेल थोडं. शेंगा सोलायला, पालेभाजी निवडायला, काकडीचे काप मांडायला बसवलं की निम्मी ओळख तिथेच होते.

गोडाबद्दल मात्र मोठ्यांनी यादी राखताना खंबीर राहायला हवं. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेने चार ते सहा वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त १९ ग्रॅम आणि सात ते दहा वर्षांच्या मुलांना २४ ग्रॅम वरून घातलेली साखर चालेल असं सांगितलं आहे. ३३० मिलिलिटरच्या कोलाच्या एका डब्यात साधारण ३५ ग्रॅम साखर असते. म्हणजे पाच-सहा वर्षांचं मूल जवळजवळ दोन दिवसांची साखर एका बैठकीत पिऊन टाकतं आणि पोट भरल्याची जाणीवही होत नाही. फळांचा रसही जागतिक आरोग्य संघटना याच हिशेबात धरते, कारण अख्ख्या फळातला चोथा गेला की राहतं ते गोड पाणी. तहानेला पाणी, भुकेला फळ, एवढी सवय घरात लागली तरी खूप झालं. साखर खाल्ली की मुलं उधाणतात, हे मात्र खरं नाही. १९९५ साली अशा सगळ्या प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा साखरेचा मुलांच्या वागण्यावर परिणाम आढळला नाही. वाढदिवसाला मुलं उधाणतात ती वाढदिवस असतो म्हणून. साखर कमी करायची ती दातांसाठी आणि पुढच्या आयुष्यासाठी, आणि ती कमी करायची म्हणजे घरात कमी आणायची. कपाटात वर ठेवून ‘हात लावायचा नाही’ म्हटलं की मुलाचं सगळं लक्ष त्या कपाटावरच जातं. बर्च बाईंच्याच प्रयोगांत हेही दिसलं आहे.

एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे, ती वजनाबद्दलच्या बोलण्याची. ‘जाड होशील’, ‘बघ तुझी बहीण कशी सडपातळ आहे’, ‘हे खाल्लंस तर आता पळ तेवढं’ ही वाक्यं सात वर्षांच्या मुलाला काहीच शिकवत नाहीत. फक्त स्वतःच्या शरीराकडे संशयाने बघायला शिकवतात. अशी वाक्यं ऐकलेली मुलं खेळायला कमी येतात, जास्त नाही. पोहायच्या तासाला पोट दुखतं, धावायच्या दिवशी चप्पल तुटते. मुलाच्या वाढीबद्दल खरंच शंका असेल तर डॉक्टरांशी बोलावं, आणि ते मुलाच्या पाठीमागे. मुलाशी बोलायचंच तर त्याला काय करता येतं याबद्दल बोलावं. काल ती दांडी हाताला येत नव्हती, आज लोंबकळता येतं. मागच्या महिन्यात जिना चढताना दम लागायचा, आता लागत नाही.

आणि झोप. तिच्याबद्दल थोडक्यात एवढंच की सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज नऊ ते बारा तास झोप लागते. ती न मिळालेलं मूल सकाळी न खाता येतं, खेळाच्या तासाला बसून राहतं आणि दुपारी गोड मागतं. बऱ्याच तक्रारींचं मूळ रात्री उशिरापर्यंत डोळ्यांसमोर चाललेल्या पडद्यात असतं.

पालकसभेला मला जे प्रश्न येतात ते गुणांचे, अक्षराचे, पाढ्यांचे. ते रास्तच आहेत. त्यांच्या जोडीने आणखी काही विचारले जावेत असं मला फार वाटतं. माझ्या मुलाला दिवसातून प्रत्यक्ष किती मिनिटं पळायला मिळतं? खेळाचा तास दुसऱ्या विषयाला दिला जातो का, आणि दिला तर तो भरून काढतात का? डबा खायला खरोखर किती वेळ असतो, की मैदानावर जायच्या घाईत तो अर्धाच राहतो? शिक्षा म्हणून कुणाची मधली सुट्टी काढून घेतात का? खेळात बाद झालेली मुलं पुढे काय करतात? आम्ही शिक्षक हे शिक्षकांच्या बैठकीत मांडत असतो, पण वेळापत्रक आखताना पालकांच्या शब्दाला जास्त वजन असतं. मुलांच्या शाळेत हे विचाराच, आणि जमलं तर लेखी विचारा.